मातीचे प्रश्न : जिप्सम टाकलं, पण पाणी जायचं कुठून?

प्रश्न : शिरोळ तालुक्यात दोन एकर काळं रान आहे. पूर्वी एकरी 55 टन ऊस निघायचा, आता 22 वर आला. उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर मीठ फुटतं. माती तपासली : सामू 8.8, विद्युत वाहकता 1.4, विनिमयक्षम सोडियम 18 टक्के, धनायन विनिमय क्षमता 50, मुक्त चुना 11 टक्के. तीन वर्षं दरसाल एकरी 50 किलोची 10 पोती जिप्सम टाकलं, फरक शून्य. दुकानदार म्हणतो गंधक टाका. टाकू का?

उत्तर : गंधक सध्या राहू द्या. आधी अहवाल नीट वाचू, कारण विद्युत वाहकतेचा, म्हणजे मातीतल्या क्षारांच्या मापाचा, 1.4 हा आकडा बघून बरेच जण निश्चिंत होतात. पुस्तकात "4 च्या वर खारवट" असं असतं ना! पण ती मर्यादा संपृक्त मातीच्या अर्काची, म्हणजे माती पाण्यानं जेमतेम तुडुंब करून तिच्यातून काढलेल्या पाण्याची. प्रयोगशाळेत बहुधा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून वाहकता मोजतात. काळी माती 100 ग्रॅमला 70-80 ग्रॅम पाण्यातच तुडुंब होते, इथे पाणी असतं 250 ग्रॅम. म्हणजे क्षार तिपटीहून जास्त पातळ झाले. तुमचे 1.4 हे मुळांच्या दृष्टीनं 4 च्या पुढचे समजा. वर विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम 15 टक्क्यांच्या पुढे. म्हणजे जमीन नुसती खारवट नाही, खारवट-चोपण आहे : मीठही जास्त आणि सोडियमही.

आता ऊस. संपृक्त अर्काची वाहकता 1.7 च्या पुढे गेली की दर एककाला उसाचं उत्पादन सुमारे 6 टक्के घटतं. या हिशोबानं तुमची घट 15 टक्क्यांच्या आसपास असायला हवी होती, झाली 60 टक्के. उरलेलं नुकसान मिठाच्या माथी मारता येत नाही. सोडियमनं चिकणमातीचे कण सुटे होऊन पोकळ्या बुजल्या आहेत, आणि खाली पाणी तुंबल्यानं मुळांना हवा नाही.

घरच्या घरी खात्री करता येते. नांगरटीच्या थरातलं बोराएवढं सुकं ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या नाहीतर आरओच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. दोन तासांनी ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियमचा कारभार आहे. ढेकूळ नुसतं भुसभुशीत होऊन बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर नाही. एक मेख आहे : मातीत मीठ जास्त असेल तर ते कण फुटू देत नाही आणि चोपण माती साळसूद दिसते. म्हणून ते पाणी दोन-तीनदा हलकेच बदलून पुन्हा बघा.

जिप्समचा हिशोब असा. सोडियम 18 वरून 10 टक्क्यांवर आणायचा, म्हणजे 8 टक्के. विनिमय क्षमता, म्हणजे कण सोडियम-कॅल्शियमसारखे धनायन एकूण किती धरू शकतात ते, 50. त्याचे 8 टक्के म्हणजे 100 ग्रॅम मातीला 4 मिलिइक्विव्हॅलंट. वरच्या 15 सेंमी थरासाठी दर एका मिलिइक्विव्हॅलंटला हेक्टरी 1.9 टन जिप्सम धरलं तर हेक्टरी 7.7, म्हणजे एकरी सुमारे 3 टन. गरजेच्या निम्मं टाकायचा प्रघात आहे, तेव्हा दीड टन. तुमची तीन वर्षांची पोती मिळून नेमकी दीड टन होतात! शेतीच्या जिप्सममधली 70-80 टक्के शुद्धता धरली तर मात्रा थोडी कमी पडते, पण काहीच फरक दिसू नये इतकी नाही.

घोटाळा दुसरीकडे आहे. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरून सोडियम हुसकावतो, सोडियम सल्फेट पाण्यात उतरतं. ते पाणी रानाबाहेर गेलं तरच काम झालं. तुमच्याकडे ते खाली जाऊन तुंबतं आणि एप्रिलच्या उन्हात केशाकर्षणानं परत वर येतं. पाहुणा पुढच्या दारानं घालवला, मागच्या दारानं आत आला. शिवाय एक लिटर पाण्यात जिप्सम विरघळतं जेमतेम अडीच ग्रॅम. दीड टन विरघळायलाच सहा लाख लिटर, म्हणजे एकरभर 15 सेंमी पाणी लागतं. पोती सरीत ओतून एक पाणी दिलं तर निम्मं जिप्सम मातीत खड्यासारखं पडून राहतं.

गंधकाचंही तेच. एक टन जिप्समचं काम कागदावर 190 किलो गंधक करतं आणि तुमच्या मुक्त चुन्यातूनच जिप्सम तयार होतं, म्हणून चुनखडीच्या रानात ते खरोखर चांगलं. पण गंधकाचं आम्ल करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. चिबड, पाणी तुंबलेल्या रानात हवा कुठली? ते तसंच पिवळं पडून राहील.

तेव्हा आधी निचरा. दोन इंची पीव्हीसी नळीला खालच्या भागात भोकं पाडून, जाळी गुंडाळून ती सहा फूट खोल उभी पुरा. दर पंधरा दिवसांनी आत टेप सोडून पाणी किती खाली आहे ते लिहा. उन्हाळ्यातही पाणी पाच फुटांच्या आत असेल तर भूमिगत निचऱ्याला पर्याय नाही. 80 मिमीची सच्छिद्र, गाळण कापड गुंडाळलेली नळी, खोली एक ते सव्वा मीटर, उतार 100 मीटरला किमान 20 सेंमी. दोन नळ्यांतलं अंतर मातीच्या पाणी वाहण्याच्या वेगावर ठरतं, शेजाऱ्याचं बघून नको. काम ओढ्याकडून, खालच्या टोकापासून वर न्यायचं. मध्ये कुठे उलटा उतार राहिला की तिथे गाळ बसतो आणि वरची सगळी नळी फुकट. मुखाचं टोक ओढ्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा फूटभर वर हवं. पावसाळ्यात ओढा चढतो तेव्हा पाणी उलटं रानात शिरतं, म्हणून तोंडाला झडप बसवा.

दोन एकरांसाठी एकट्यानं हे करू नका. वरच्या शेजाऱ्याचं पाझरपाणी तुमच्या नळीत येणार आणि ओढा तिसऱ्याच्या बांधापलीकडे असणार. तुमच्याच तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं गटानं झालेली कामं आहेत, ती जाऊन बघा.

निचरा चालू झाल्यावर मे महिन्यात बारीक दळलेलं जिप्सम वरच्या 10-15 सेंमीत मिसळा. नांगरानं खोल गाडू नका, पातळ होऊन वाया जाईल. छोटे वाफे बांधून नदीचं पाणी 5-7 सेंमी उभं करा, जिरलं की पुन्हा. बोअरचं पाणी तपासल्याशिवाय वापरू नका. जिप्सम न टाकता नुसतं पाणी सोडलं तर मीठ धुऊन जातं, सोडियम राहतो आणि रान आणखी घट्ट होतं. हा क्रम उलटल्यानं बिघडलेली रानं बरीच आहेत. मग धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक, एकरी 20 किलो बी, 45 दिवसांनी फुलोऱ्यात गाडा. लागणीला फुले 265 हा पाडेगावचा वाण क्षार बऱ्यापैकी सोसतो. पहिल्या वर्षी 55 टनांची आशा धरू नका.

प्रश्न : करवीर तालुका. यंदा उसाचं पाचट न जाळता सरीत ठेवलं, जिवाणू कल्चरही टाकलं. दीड महिन्यात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना फुटलेलं पीक) पिवळा पडला. शेजारी हसतात. जाळलेलं बरं होतं का?

उत्तर : नाही. पाचटात कर्ब-नत्राचं गुणोत्तर शंभराच्या आसपास असतं. ते कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी मातीतलंच नत्र उचलतात, ते खोडव्याला मिळत नाही. नुसत्या कल्चरनं भागत नाही, उलट नत्राचे खाणारे वाढवले. एक टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कल्चर, असं हे गणित. तीन-चार टन पाचट असेल तर त्या प्रमाणात, आणि हे खोडव्याच्या नेहमीच्या हप्त्यात धरायचं नाही, वेगळं द्यायचं.

आता काय? सुक्या पाचटावर युरिया फेकू नका. पाचटावरच त्याचा अमोनिया होऊन उडतो. पहारीनं द्या : बुडख्यापासून 10-15 सेंमीवर, 15-20 सेंमी खोल, दोन भोकांत 30 सेंमी अंतर, भोक मातीनं बंद. दोन-तीन आठवड्यांत नवीन पानं हिरवी निघतील. जुनी पिवळी पानं बघत बसू नका.

बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत घेतलं होतं का, तेही बघा. वर राहिलं तर फुटव्याला ऊन मिळत नाही आणि तो पांढुरका येतो, त्याला नत्राचा दोष नाही. रान चिबड असेल तर पाचट एकाआड एक सरीत ठेवा. सगळीकडे अंथरलं तर वाफसाच येत नाही, म्हणजे माती हवी तेवढी सुकतच नाही.

प्रश्न : राधानगरीची तांबडी माती, सामू 5.1. स्फुरद दरवर्षी पूर्ण देतो तरी नाचणी जांभळट राहते. त्याच उताराखालच्या भाताला काही होत नाही. असं का?

उत्तर : जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं स्फुरद घट्ट धरून ठेवतात. भाताच्या खाचरात पाणी उभं राहिलं की हवा संपते, लोह विरघळतं, त्याबरोबर अडकलेला स्फुरद सुटतो आणि सामू आपोआप सातकडे सरकतो. पाणी न साठणाऱ्या, उताराच्या वरकस रानातल्या नाचणीला हा फायदा नाही. म्हणून चुना नाचणीच्या रानाला द्या, खाचराला नको.

सगळ्या रानात टनांनी चुना पसरायची गरज नाही. पेरणीआधी दोन-तीन आठवडे, ओळीतच एकरी 100 ते 150 किलो बारीक चुनखडी पूड, दरवर्षी. सुपर फॉस्फेटही ओळीत, बियाण्याच्या खाली-बाजूला. फोकून दिलं की जास्त मातीला भिडतं आणि जास्त अडकतं. शेणखतात मुरवून दिलं तर आणखी बरं. चुना आणि युरिया एकाच दिवशी टाकू नका, नत्र उडतं. जिप्सम इथे चालणार नाही, त्यानं सामू वाढत नाही. कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) मिळत असेल तर रस साफ करायला सल्फिटेशन (गंधकाचा धूर) वापरलं की कार्बोनेशन (चुना आणि कार्बन डायऑक्साइड), ते विचारा. चुन्याचं काम फक्त दुसरी करते.

प्रश्न : हातकणंगले. पुराचं पाणी आठ दिवस रानात होतं, चार बोटं गाळ बसला. काढायचा का? माती तपासायला कधी द्यायची?

उत्तर : चार बोटं गाळ काढायला जाऊ नका. वाफसा आल्यावर खालच्या मातीत मिसळा. ओल्यात ट्रॅक्टर घातला तर खाली थर दाबून बसेल. पाण्याखाली नत्र वायू होऊन गेलेलं असतं, ते एका हप्त्यात देण्यापेक्षा दोनदा विभागून द्या.

नमुना गाळ मिसळल्यावर घ्या. एकसारख्या रानात दहा-पंधरा ठिकाणी, व्ही आकाराचा वीतभर खड्डा, कडेची दोन बोटं जाडीची खाप, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांध, पाट, उकिरडा आणि झाडाची सावली सोडून. मीठ फुटणाऱ्या रानात मात्र 0-15, 15-30, 30-60 आणि 60-90 सेंमी असे वेगळे नमुने लागतात. आणि युरियाच्या रिकाम्या पोत्यात माती भरू नका, अहवालात नत्र खोटंच भरपूर दिसेल.