विमानातून आलेली सायकल आणि अकराव्या दिवशी उघडलेला बॉक्स

कोल्हापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. मलेशियाला सायकलिंगच्या इव्हेंटला गेले होते, कार्बन फ्रेमची रोड बाइक पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये पॅक करून चेक-इन केली. परत येताना संध्याकाळी मुंबईत उतरले, बॉक्सचा एक कोपरा फाटलेला दिसला, पण रात्रीची ट्रॅव्हल्स गाठायची होती म्हणून काउंटरवर काही न बोलता बाहेर पडले. बॉक्स बसच्या डिकीत, कोल्हापूरला आल्यावर जिन्याखाली. अकराव्या दिवशी जोतिबाला राइड ठरली म्हणून उघडला तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) आत वळलेला, तो जिथे लटकतो तो हँगर मोडलेला आणि चेनस्टेला, म्हणजे फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दांडीला, तडा. बाराव्या दिवशी मेल केला. एअरलाइन म्हणते सात दिवसांत तक्रार आली नाही, वर तुम्ही लिमिटेड लायबिलिटीच्या (मर्यादित जबाबदारीच्या) टॅगवर सही केलेली आहे, सबब आम्ही काही देणं लागत नाही. वाचक विचारतात की ग्राहक कायद्यात तर दोन वर्षं असतात, मग हे सात दिवस कुठून आले, आणि फ्रेम पुण्याला रिपेअरला पाठवू का. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: "तसं तिसऱ्या दिवशी त्यांचा फीडबॅकचा मेल आला होता त्याला रागाने लिहिलं होतं की बॉक्स फाडून दिलात, पण त्याचा काही उपयोग नसणार."

साहेब, त्या शेवटच्या ओळीवर तुमची अख्खी केस उभी आहे. बाकीची दोन पानं मी वाचली, पण खरं सांगतो, त्यातल्या निम्म्या गोष्टींनी काही ठरणार नाही.

हा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही. कुणाचा तबला फुटून येतो, कुणाची हार्मोनियम, कुणाच्या बॅगेचं चाक तुटतं, आणि प्रत्येकजण दोन-तीन आठवड्यांनी विचारायला येतो आणि प्रत्येकाला वाटत असतं की दोन वर्षं हातात आहेत. दोन वर्षं आहेतच, पण ती केस टाकायला. तक्रार करायची मुदत वेगळी आणि केस टाकायची मुदत वेगळी, ह्या दोन गोष्टी लोक एकत्र करतात आणि तिथेच सगळं हातचं जातं.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला आपल्याकडे १९७२ चा कॅरेज बाय एअर अॅक्ट लागतो आणि त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात १९९९ चं माँट्रियल कन्व्हेन्शन, म्हणजे विमानप्रवासातल्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात २००९ पासून आहे. त्यातला नियम ३१ वाचा. चेक-इन केलेलं सामान तुम्ही काही तक्रार न करता ताब्यात घेतलंत तर ते चांगल्या स्थितीत मिळालं असं सकृतदर्शनी धरलं जातं. नुकसान दिसलं की लगेच, आणि जास्तीत जास्त सामान मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार करायची. हे सात दिवस कॅलेंडरचे, रविवार आणि सुट्ट्या धरून. सामान उशिरा मिळालं असेल तर एकवीस दिवस, पण तुमचं तसं नाही. आणि मुदतीत तक्रार नसेल तर एअरलाइनने फसवणूक केल्याशिवाय दावाच चालत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. बॉक्स उघडल्यापासून सात दिवस असं कुठेही नाही, सामान मिळाल्यापासून आहे, त्यामुळे अकराव्या दिवशी उघडला हे कारण सांगून फायदा नाही. दोन-अडीच लाखाची सायकल परदेशातून आणून अकरा दिवस जिन्याखाली ठेवायची, ह्याला मी काय म्हणू? रात्रभर प्रवास करून पोचलात तरी टेप कापून आत एक नजर टाकायला पाच मिनिटं लागतात.

आता तुमचा मेल. तक्रार लेखी असावी आणि मुदतीत दिलेली किंवा पाठवलेली असावी, एवढंच नियम मागतो. ठरावीक फॉर्म मागत नाही, वकिलाची भाषा मागत नाही. विमानतळावर तो पीआयआर (सामानाच्या तक्रारीचा फॉर्म) भरून घेतात तो सगळ्यात सोपा पुरावा, पण पीआयआर नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी लिहिलंत की बॉक्स फाडून दिलात. एअरलाइन म्हणणार ही बॉक्सची तक्रार आहे, सायकलची नाही. मी म्हणेन की चेक-इन झालेली वस्तू म्हणजे बॉक्ससकट सायकल, त्याच वस्तूला नुकसान झाल्याची लेखी खबर मुदतीत गेलेली आहे, आत किती मोडलंय ते नंतर कळलं. हा युक्तिवाद टिकेल अशी मी खात्री देत नाही, ग्राहक आयोग कसा बघेल त्यावर आहे. पण हा मेल नसता तर युक्तिवाद करायला जागाच नव्हती.

म्हणून आधी बघा की तो मेल गेला कुठे. फीडबॅकचे मेल पुष्कळदा अशा पत्त्यावरून येतात की ज्याला उत्तर पाठवलं तर ते परत तरी येतं नाहीतर कुणी वाचत नाही. परत आला असेल तर अवघड आहे. परत आला नसेल, आणि वर त्यांचं ऑटो रिप्लाय येऊन एखादा केस नंबर पडला असेल, तर ते सोनं आहे. मूळ मेल डिलीट करू नका, फॉरवर्ड करून मूळ काढून टाकू नका, नुसता स्क्रीनशॉट ठेवून तर अजिबात भागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत कोर्टाइतका कडक नसला तरी ते जोडूनच द्यायचं.

दुसरी अडचण ती ट्रॅव्हल्सची डिकी. तुम्ही मुंबई विमानतळावरून सामान घेऊन बसमध्ये टाकलंत, म्हणजे एअरलाइन म्हणणार सायकल बसमध्ये मोडली. काउंटरवर तक्रार केली असती तर हा प्रश्नच आला नसता. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी एक अरायव्हलच्या दारातला ग्रुप फोटो आहे, मागे ट्रॉलीवर तुमचा बॉक्स आणि त्याचा डावा कोपरा आत गेलेला स्पष्ट दिसतोय. तो ज्याच्या फोनमध्ये काढला त्याच्याकडून मूळ फाइल घ्या, व्हॉट्सॲपवर आलेली नको, त्यात वेळ-तारखेची माहिती उडालेली असते. आणि डिरेलर मोडलाय ती बाजू आणि फाटलेला कोपरा एकाच बाजूला येतात का ते सायकल परत बॉक्समध्ये ठेवून बघा आणि फोटो काढा.

ही दोन कामं जमली तर पुढचं तुमच्या बाजूने बऱ्यापैकी आहे. नियम १७ प्रमाणे चेक-इन सामान एअरलाइनच्या ताब्यात असताना मोडलं एवढं दाखवलं की झालं, त्यांचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. वस्तूतच मुळात दोष असेल तर तेवढ्यापुरते ते सुटतात, आणि तुमच्या चुकीने नुकसान झालं असेल तर नियम २० खाली भरपाई कमी होते. इथे ते तुमच्या पॅकिंगवर बोट ठेवणार. मागचा डिरेलर सोडवून कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधला होता का, चाकं काढल्यावर फोर्क आणि मागच्या ड्रॉपआउटमध्ये (चाक बसतं त्या खाचेत) स्पेसर घातले होते का, पेडल काढली होती का, टूल्स आत सुटी टाकली होती का, हे सगळं विचारतील. डिरेलर जागेवरच ठेवला असेल तर हँगर मोडण्यात तुमचाही वाटा आहे असं ते म्हणतील आणि त्यात थोडं तथ्य असेल. चेनस्टेच्या तड्याबद्दल मात्र त्यांना ते तेवढं सोपं नाही. पॅक करतानाचे फोटो असतील तर पाठवा, नसतील तर पॅकिंगला मदत केलेल्या मित्राचं प्रतिज्ञापत्र घेऊ.

टॅगवरच्या सहीने घाबरू नका. एअरलाइनची जबाबदारी काढून टाकणारी किंवा कायद्यापेक्षा कमी मर्यादा ठरवणारी अट नियम २६ प्रमाणे रद्दबातल आहे. तरीपण त्या टॅगवर कुठल्या चौकोनात खूण केलीय ते बघा. 'नाजूक वस्तू' वर असेल तर विशेष काही नाही, 'पॅकिंग अपुरं' वर असेल तर ती तुमच्या सहीची कबुली म्हणून ते आयोगापुढे ठेवतील.

पैसे किती मिळतील ह्याबद्दल फार आशा धरू नका. मर्यादा प्रवाशामागे एसडीआरमध्ये (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाच्या एककात) असते, कन्व्हेन्शनचा आकडा २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर झालाय, रुपयात ढोबळमानाने पावणेदोन लाखांच्या आसपास, आणि कोर्टबाजी झाली तर निकालाच्या तारखेचा भाव धरतात. तुमच्या प्रवासाच्या तारखेला आपल्या परिशिष्टात कुठला आकडा लागू होता ते नोटीस काढताना तपासून घेऊ. ही वरची मर्यादा आहे, हातात प्रत्यक्ष नुकसानच येतं. चेक-इनला जादा किंमत जाहीर करून जादा पैसे भरले असते तर मर्यादा वर गेली असती, पण ते कुणीच करत नाही. आणि उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावरून बेंगळुरू-हैदराबादला सायकल नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की देशांतर्गत प्रवासात २०१४ च्या अधिसूचनेप्रमाणे सामानाची मर्यादा प्रवाशामागे फक्त २०,००० रुपये आहे. सायकलचा वेगळा विमा काढल्याशिवाय नेऊ नका.

फ्रेम रिपेअरला आत्ता पाठवू नका. आधी एअरलाइनला मेल आणि स्पीड पोस्टाने कळवा की सायकल आहे त्या स्थितीत ठेवलीय, पंधरा दिवसांत तपासून घ्या. त्यानंतर चांगल्या दुकानातून लेखी रिपोर्ट घ्या, त्यात तडा कुठे, कशाने पडला असावा, दुरुस्ती होते की फ्रेम बदलावी लागते आणि खर्च किती, हे सगळं हवं. नुसतं कोटेशन आणू नका. प्रवासाचा विमा काढला होता का तेही बघा, तिथून लवकर मिळत असेल तर आधी तो क्लेम.

केस कुठे, तर जिल्हा ग्राहक आयोगात. हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं तेव्हापासून प्रत्येकजण विचारतो तिकडे जाऊ का, त्याचा इथे संबंध नाही. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. एअरलाइन माँट्रियलचा नियम ३३ दाखवून कोल्हापूरचा अधिकार नाही म्हणेल, त्याला उत्तर आहे, पण तो मुद्दा निघणार हे धरून चला. दोन वर्षं मुंबईत उतरल्याच्या तारखेपासून मोजा. ग्राहक कायद्यात उशीर माफ करायची सोय आहे, माँट्रियलच्या नियम ३५ मध्ये हक्कच संपतो, म्हणून त्या माफीच्या भरवशावर राहू नका. कायद्यात लिहिलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात पहिली तारीख जवाब आला नाही म्हणून जाते, दुसरी वकील बदलला म्हणून, आणि पाच महिन्यांचं काम वर्षांवर जातं. लोक कंटाळून सोडून देतात हे मी इतक्यांदा बघितलंय की संताप येतो, एअरलाइनला नेमकं तेच हवं असतं. म्हणून आधी नोटीस, त्यांनी फ्रेमची अर्धी-पाऊण किंमत देऊ केली तर विचार करा.

आणि तिसऱ्या दिवसाचा मेल परत आलेला निघाला तर मी तुम्हाला केस टाका म्हणणार नाही. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर आणि एअरसेवा ह्या विमानप्रवाशांच्या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकून तडजोडीने काही मिळतंय का बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

आज रात्री इनबॉक्स बघा, स्पॅमही बघा, आणि काय सापडलं ते दोन ओळीत कळवा. तो फाटका बॉक्स आणि त्यावरचा टॅग अजून जिन्याखाली असेल तर तिथेच राहू द्या, रद्दीवाल्याला देऊ नका.