तेच पाप पुन्हा पुन्हा होत असेल, तर देव दर वेळी क्षमा करतो का?

तुम्ही लिहिलंय की एकच चूक वारंवार होते, दर वेळी प्रार्थनेत रडून कबूल करता आणि तरी क्षमा झाली असं वाटत नाही. देव कंटाळला असेल का, असं विचारलंय. मी ख्रिस्ती आहे आणि हा प्रश्न मला स्वतःला दोन वर्षं छळत होता, म्हणून लिहितोय.

आधी कंटाळण्याचं. लूकच्या शुभवर्तमानात (17:4) येशू शिष्यांना सांगतो की भावाने दिवसातून सात वेळा अपराध केला आणि सातही वेळा येऊन 'मला पश्चात्ताप झाला' म्हटलं, तर त्याला क्षमा करा. माणसांकडून एवढी अपेक्षा करणारा देव स्वतः आठव्या वेळी दार लावून घेईल, हे मला पटत नाही.

आता कबुलीचं. योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन (1:9) तुम्हाला पाठ असेल: पापं कबूल केली, तर देव क्षमा करतो. आपल्या मराठी बायबलमध्ये तिथे 'पापे पदरी घेतली' असे शब्द आहेत. हे पदरी घेणं मला फार उशिरा कळलं.

वडिलांच्या आजारपणात सगळा खर्च दादाने केला होता. मी मात्र नातेवाइकांमध्ये निम्मा माझा म्हणून सांगितलं. वडील गेल्यावर ते खोटं घरभर पसरलं. मी रोज रात्री गुडघे टेकायचो आणि म्हणायचो, "प्रभू, मी खोटं बोललो, क्षमा कर. पण दादाने मला कधी कशात विचारलं का?" दोन वर्षं हीच प्रार्थना, त्या 'पण'सकट.

मग एकदा शौल राजाची गोष्ट वाचताना (1 शमुवेल 15) थबकलो. देवाची आज्ञा मोडल्यावर शौल म्हणतो, मी पाप केलं, पण लोकांना भ्यालो. आणि लगेच विनवतो की वडीलजनांसमोर माझा मान राख. पुढे त्याच्यानंतरच्या दावीद राजाचं पाप शौलापेक्षा भयंकर: दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे." नाथानाने तिथल्या तिथे क्षमा सांगितली. परिणाम मात्र टळले नाहीत, त्याचं बाळ गेलं. क्षमा झाली म्हणजे सगळं पूर्ववत होईल असं धरून बसू नका. तिथेच पुष्कळ जणांचा विश्वास डळमळतो.

क्षमा अश्रूंच्या मापाने मिळत नाही, हेही सांगतो. येशूच्या दृष्टांतात बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राने म्हणायचं सगळं ठरवून ठेवलं होतं, शेवटी 'मला चाकरासारखं ठेव' असं. लूक 15 नीट वाचा: ते शेवटचं वाक्य तो बोलतच नाही. बाप त्याआधीच धावत येऊन गळ्यात पडलेला असतो आणि झगा आणायला सांगतो.

फादरांकडे जावं की थेट देवाकडे, याचं उत्तर तुमच्या मंडळीवर, म्हणजे चर्चवर आहे. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला, म्हणजे फादरांजवळ पापं कबूल करायला जा. तिथे सांगितलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. प्रोटेस्टंट परंपरेत कबुली थेट देवापाशी देतात, पण याकोबाच्या पत्रात (5:16) एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय. एखाद्या सवयीने तुम्हाला धरून ठेवलं असेल, तर एकट्याने झुंजू नका. विश्वासातल्या एका माणसाला तिचं नाव घेऊन सांगा.

आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जा. मत्तय 5 मध्ये येशू अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो. मी दादाला फोन केला. 'पण' न लावता सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला माहीत होतं रे." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. नातेवाइकांनाही मी एकेकाला खरं सांगितलं, ते त्याहून जड गेलं. दादा अजून पूर्वीसारखा बोलत नाही. पण त्या रात्री दोन वाक्यांची प्रार्थना केली आणि आमेन म्हणायच्या आत झोप लागली.