आंधळेपण कापले, चाल उरली

प्रश्न : १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षसाची चाल जड, पण सरळ आहे. १९४३ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’मध्ये मात्र तोच राक्षस दोन्ही हात पुढे धरून चाचपडत चालतो. हा नटाचा दोष समजायचा का? आणि अनेक राक्षस एकत्र आणणारे त्या काळातले कोणते चित्रपट आवर्जून पाहावेत?

उत्तर : दोष नटाचा नाही, कात्रीचा आहे. या मालिकेतल्या आधीच्या, म्हणजे १९४२ च्या चित्रपटाच्या शेवटी राक्षसाच्या कवटीत इगॉर या कपटी माणसाचा मेंदू बसवला जातो; राक्षस इगॉरच्या आवाजात बोलू लागतो, पण रक्तगट न जुळल्यामुळे त्याची दृष्टी जाते. इगॉरचे काम बेला लुगोसी यांनी केले होते, त्यामुळे पुढच्या चित्रपटात राक्षसाची भूमिका त्यांच्याकडे येणे तर्काला धरूनच होते. साठीला पोचलेल्या लुगोसींनी तो आंधळा राक्षस आंधळ्यासारखाच उभा केला. चित्रीकरण पूर्ण झाल्यावर मात्र त्याचे सगळे संवाद काढून टाकण्यात आले आणि त्यांच्याबरोबर तो आंधळा असल्याचा उल्लेखही गेला. पटकथाकार कर्ट सिओडमॅक यांच्या आठवणीनुसार राक्षसाच्या तोंडून लुगोसींचे हंगेरियन वळणाचे इंग्रजी ऐकून स्टुडिओतली मंडळी हसत सुटली होती. कारण गेले आणि चाल तेवढी उरली. गंमत म्हणजे आज लहान मुलेही राक्षसाची नक्कल करताना तशीच चालतात.

शेवटाकडे राक्षसाला टेबलावर बांधून यंत्राने शक्ती दिली जाते, तो प्रसंग नीट पाहावा. त्याचा चेहरा जवळून दिसतो, डोळे उघडतात आणि ओठांवर एक धूर्त हसू उमटते. ते दृष्टी परत आल्याचे हसू आहे, हे ठाऊक असले तर अंगावर काटा येतो; ठाऊक नसले तर ते नुसतेच चमत्कारिक वाटते.

एवढे नुकसान होऊनही हा चित्रपट पाहावाच. थडगे फोडायला आलेले दोन चोर, शवपेटीत उघड्या पडलेल्या प्रेतावर सरकत येणारे पौर्णिमेचे चांदणे आणि हळूच हलणारा हात, अशी सुरुवात त्या मालिकेत दुसरी नाही. मरण मागत फिरणारा लॉरेन्स टॅलबट, म्हणजेच पौर्णिमेला लांडगा होणारा वुल्फ मॅन, लॉन चेनी धाकटे यांनी मनापासून रंगवला आहे. झुंज मात्र अगदी शेवटी येते आणि रंगात येण्याआधीच धरण फुटून पाणी शिरते.

१९४४ च्या ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’बद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. ड्रॅक्युला, वुल्फ मॅन आणि राक्षस या तिघांचा वायदा करून ड्रॅक्युलाला पहिल्याच भागात उन्हात संपवले आहे. इतर दोघांशी त्याची गाठच पडत नाही. बोरिस कारलॉफ यात राक्षस नसून वेडा शास्त्रज्ञ आहेत, तेवढ्यासाठी पाहायला हरकत नाही. १९४५ च्या ‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’त टॅलबट चक्क बरा होतो.

तीन वर्षांनी आलेल्या ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’मध्ये टॅलबट पुन्हा लांडगा होतो, आणि त्याचा खुलासा करण्याची तसदी कोणीच घेत नाही. तरीही राक्षसांची खरी गाठभेट मला याच विनोदी चित्रपटात दिसते. शीर्षकातल्या विनोदी जोडीपैकी कॉस्टेलो कितीही बोबडी वळवून घेवो, लुगोसींचा ड्रॅक्युला एकदाही थट्टेवारी वागत नाही. कॉस्टेलोचा मेंदू राक्षसाच्या डोक्यात बसवण्याचा त्याचा बेत पूर्ण गंभीर आहे. अखेरीस वटवाघूळ होऊन निसटणाऱ्या ड्रॅक्युलावर वुल्फ मॅन सज्जातून झेप घेतो आणि दोघेही खाली समुद्रात कोसळतात. एकच चित्रपट पाहायला वेळ असेल तर हा पाहा, आणि दोन पाहता येणार असतील तर १९४३ चा आधी पाहा.