पडद्यामागे उभे राहणारे मूल

‘चार-चार दिवस शी होत नाही, मूल जोर लावते, रडते, तरी पोट साफ होत नाही, नेमके काय द्यावे?’ दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांचे पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. त्याचे उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून देते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मे महिन्यात, नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास असताना, मानेवाड्याहून एक आई आणि आजी अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. बालरोगतज्ज्ञांनी त्याला आधीच तपासले होते: वजन नीट वाढत होते, पोट फुगलेले नव्हते, उलट्या नव्हत्या आणि जन्मानंतरची पहिली काळी शी वेळेत झाली होती. शी मऊ करणारे औषधही त्यांनी सुरू केले होते; मात्र ‘सवय लागेल’ या भीतीने घरच्यांनी ते आठवडाभरातच थांबवले होते.

मुलगा नेमके काय करतो, असे मी विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, “पोट्टं पडद्यामागं जाऊन उभं राहते, पाय आवळते, लालबुंद होते. लय जोर लावते हो बिचारं.” उत्तर या वाक्यातच होते. ज्याला शी करायची असते ते मूल सहसा उकिडवे बसते. टाचा उचलून, पाय एकमेकांवर दाबून ताठ उभे राहणारे मूल शी आत रोखून धरत असते.

मागे वळून पाहता कारणही सापडले. प्लेस्कूलसाठी मार्चमध्ये डायपर घाईने सोडवले गेले, त्याच सुमारास एकदा कडक खडा होऊन गुदद्वाराला चीर पडली आणि थोडे रक्त आले. दुखले म्हणून त्याने पुढची शी रोखली. रोखलेल्या शीतले पाणी मोठ्या आतड्याने शोषून घेतल्याने ती अधिक कडक झाली आणि पुन्हा दुखले. असे चालत राहिले की गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ताणला जातो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग साचलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डीला डाग पडू लागतात. या घरात त्या डागांना जुलाब समजून फळे बंद केली गेली होती आणि दूध-टोस्ट वाढवला गेला होता! दिवसाकाठी लिटरभराहून अधिक दूध बाटलीने जात होते, त्यामुळे जेवणाला पोटात जागाच उरत नव्हती.

एरंडेल पाजून झाले होते, साबणाची कांडीही लावून झाली होती. आजींचा हेतू चांगला असला तरी साबणाने तिथली नाजूक त्वचा चुरचुरते आणि ज्या जागेची मुलाला आधीच धास्ती आहे तिथेच पुन्हा हात लागतो, हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले.

औषध डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करायला सांगितले. त्यांनी दिलेले औषध शीत पाणी धरून ठेवते, आतड्याला जबरदस्तीने ढकलत नाही. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला काही महिने लागतात, म्हणून ते त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू कमी करायचे असते. दूध अर्ध्या लिटरच्या आसपास आणून पेल्याने द्यायचे, वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, पपई, ताक आणि उन्हाळ्यात घोट-घोट पाणी द्यायचे, हेही ठरले. मात्र साचलेला खडा केवळ पपईने निघत नाही; तेवढ्यावर विसंबून पालक महिने घालवतात, असा माझा अनुभव आहे.

डायपर तूर्त परत आणायला सांगितले, तेव्हा आईचा चेहरा पडला. तिला ते अपयश वाटत होते. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, त्या वेळी पाच मिनिटे, पाय पाटावर टेकवून, हवे तर डायपरसह पॉटीवर बसवायचे. शी झाली नाही तरी रागवायचे नाही.

सर्वांत अवघड सूचना आजींसाठी होती. आमच्या तासाभराच्या भेटीत त्यांनी तीनदा नातवाच्या पोटावर हात ठेवून “शी आली का रे?” असे विचारले होते. “आजी, हा प्रश्न महिनाभर बंद ठेवाल का? नोंद ठेवा, पण त्याच्या नजरेआड,” असे मी म्हटले. पोट फुगले, हिरवी उलटी झाली, ताप आला, वजन थांबले किंवा रक्त पुन्हा दिसले, तर माझ्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जायचे, हेही बजावले.

जुलैत ते पुन्हा आले. मध्ये सर्दी-तापात दोनदा गाडी घसरली होती, औषध अजून चालूच होते. पण पडद्यामागे जाणे थांबले होते. आजींनी पिशवीतून दिनदर्शिकेची घडी केलेली पाने काढली, त्यांवर पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. नातू खेळण्यात रमला आहे याची खात्री करून त्या हळूच म्हणाल्या, “विचारलं नाही एकदाही. पण मोजल्याबिगर राहवलं नाही.”