निवड समितीवर बसण्याआधी

प्रिय,

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रशिक्षणार्थींची निवड करणाऱ्या समितीवर तुझं नाव आलं, हे वाचून फार बरं वाटलं. ‘सर्वांना सामावून घ्यायच्या नादात दर्जा घसरेल, असं ज्येष्ठ म्हणतात, त्यांना काय सांगू?’ असं तू विचारलंयस. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. निकषांचा कागद पुढ्यात घे आणि प्रत्येक ओळीपुढे लिही: हे मिळवायला अर्जदाराच्या खिशातून किती पैसे गेले असतील?

‘संबंधित अनुभव’ ही ओळच बघ. हा अनुभव बऱ्याचदा विनावेतन मिळतो. महिनोन्‌महिने फुकट काम करणं ज्याला परवडतं, त्याच्याच अर्जात तो दिसतो. त्या कामातून नामवंत प्राध्यापकाचं शिफारसपत्र मिळतं, त्या पत्रातून पुढची संधी. आपण या सगळ्याला गुण देतो आणि त्यातले निम्मेअधिक गुण घरच्या ऐपतीला गेले, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसऱ्या एखाद्या अर्जात लिहिलेलं असतं, वृद्धाश्रमात रात्रपाळीची मदतनीस. समिती एवढं वाचून पान उलटते. तू उलटू नकोस. तिला मुलाखतीला बोलाव आणि विचार, रात्री दोन वाजता स्मृतिभ्रंश झालेल्या आजी गोळी घ्यायला नकार देतात, तेव्हा काय करता? ‘त्या उभ्या माणसाला बिचकायच्या असं दिसलं, म्हणून मी आधी खाली बसायला लागले, पेला त्यांच्याच हातात द्यायला लागले, मग घ्यायच्या’, असं उत्तर आलं तर नीट ऐक. त्यात निरीक्षण आहे, कारणाचा अंदाज आहे आणि तो करून पाहणंही आहे. फॉर्म्युलेशन, म्हणजे रुग्णाचा त्रास कशातून येतो याची मांडणी, शिकवताना आपण वर्षभर याचसाठी तर डोकं फोडतो.

वेगळ्या आयुष्यातली माणसं आत आली की आपल्या विषयाचे प्रश्नही बदलतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेमी क्लार्क यांनी एम.ए.साठी कृष्णवर्णीय लहान मुलांची स्वतःविषयीची जाणीव हा विषय घेतला. स्वतः कृष्णवर्णीय असल्यामुळे तो प्रश्न त्यांच्यासाठी निव्वळ पुस्तकी नव्हता. पुढे पती केनेथ यांच्यासोबत त्यांनी बाहुल्या वापरून केलेले प्रयोग गाजले. शाळांमधलं वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या निकालात, तळटीपेत, केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा आधार घेतलेला आहे. आणि याच मेमींना 1943 मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळूनही शिक्षणाला साजेशी नोकरी मिळता मिळेना. अखेर 1946 मध्ये दोघांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मुलांसाठी स्वतःचं केंद्र काढलं. सगळ्यांना असं केंद्र काढता येत नाही. किती जणी तिथेच थांबल्या असतील, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

आता दर्जाविषयी. प्रशिक्षणार्थीला खरोखर काय यायला हवं आणि कोणती गोष्ट केवळ वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने चालत आली आहे, हे वेगळं काढ. वेक्सलरच्या बुद्धिमापन चाचणीत चाचणी घेणाऱ्याला ठोकळे मांडून दाखवावे लागतात. हातात ताकद नसलेल्या प्रशिक्षणार्थीसाठी ते मदतनिसाने मांडले तर काय बिघडलं? समोरचा माणूस कुठे अडखळतो हे टिपणं आणि त्याचा अर्थ लावणं, ही खरी क्षमता. त्यात मात्र तसूभरही सूट देऊ नकोस, कुणालाच.

स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल अर्जात लिहिणारे भेटतील. त्यांना आजाराचे तपशील खोदून विचारू नयेत; मदत कधी आणि कशी मागता, एवढं विचारणं पुरेसं आहे, आणि तेही सगळ्यांनाच विचारावं. डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी ही मानसोपचाराची पद्धत घडवणाऱ्या मार्शा लिनेहन किशोरवयात स्वतः मनोरुग्णालयात होत्या. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं 2011 मध्ये, कारकिर्दीतली कितीतरी दशकं उलटल्यावर. आपल्या क्षेत्रात हे बोलणं किती अवघड आहे, ते यावरून ओळख.

निवड झाली म्हणजे काम संपलं असं समजू नकोस. माझ्या मते खरी गळती नंतरच होते, आणि तिची कारणं फार साधी असतात. लांबच्या क्लिनिकला जायचा प्रवासखर्च आधी स्वतः करा, तीन महिन्यांनी परत मिळेल, हा नियम घे. हातात पैसेच नसलेल्याने ते तीन महिने काढायचे कसे? खर्च आगाऊ मिळावा म्हणून पहिल्याच बैठकीत आग्रह धर. अल्पसंख्य समाजातून एखादी मुलगी आली की त्या समाजातल्या सगळ्या केसेस तिच्याकडे, दुभाषाचं काम तिच्याकडे, विविधतेवरचं व्याख्यानही तिनेच द्यायचं. ते काम असेल तर त्याचे तास मोजा, श्रेय द्या. आणि नको असेल तर तिला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

एखादा रुग्ण तिचे उच्चार ऐकून ‘मला दुसरं कुणी द्या’ म्हणेल. तेव्हा सुपरव्हायझरने त्याच खोलीत, तिच्यासमोर, ‘तुमच्या उपचारांसाठी याच आहेत’ असं सांगायला हवं. नंतर चहा पिताना तिची समजूत काढून काही उपयोग नाही. सुपरव्हायझरांच्या प्रशिक्षणात हे येतं का, तपासून बघ.

निकषांचा मसुदा बैठकीच्या आठवडाभर आधी पाठव. शिफारसपत्रांना किती गुण द्यायचे, यावर मला सविस्तर लिहायचं आहे.

तुझी,
ताई