भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत अख्खी गावं एकाच आडनावाची कशी? सगळ्यात आधी कोण येऊन वसलं?

मी वेळवंड खोऱ्यातला, म्हणजे भाटघर धरणाच्या मागच्या अंगाचा. आमच्या वाडीत साठेक उंबरे आणि दोन-तीन घरं सोडली तर सगळे आमच्याच आडनावाचे, पोस्टमन नवीन आला की त्याचे हाल ठरलेले. त्यामुळे तुमचा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला आहे.

घरी विचारलं की उत्तर एकच मिळायचं, आपला मूळ पुरुष उत्तरेकडून घोड्यावर आला, जंगल तोडलं, गाव वसवलं. आजूबाजूच्या गावांत विचारा, तिथेही घोडा आहेच. मला ते काही पटत नाही. माझं म्हणणं असं की "पहिले" म्हणवणारे आम्ही बहुतेक सगळे शेवटच्या फेरीत आलेलो आहोत, कारण ही खोरी एकदा वसलेली नाहीत, उजाड झाली, पुन्हा वसली, असं कितीदा झालंय.

दुर्गादेवीचा दुष्काळ ऐकला असेल, १४व्या शतकाच्या शेवटी पडलेला, बारा वर्षं चालला म्हणतात. त्यात माणसं इतकी परागंदा झाली की गावांच्या शिवा कुठून कुठे होत्या तेच कुणाला आठवेना. मग १४२९च्या सुमारास बहमनी दरबाराने मलिक-उत्-तुजार या सरदाराबरोबर दादू नरसू काळे नावाचा कारभारी आणि एक तुर्की खोजा पाठवला, त्यांनी दोन-दोन तीन-तीन गावांचं एक गाव केलं आणि जो कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्याला फक्त एक तोबरा धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधतात ती. आमच्या गोष्टीत घोडा आला असेल तर तो इथूनच आला असावा असं मी गमतीने म्हणतो, काका चिडतात.

नंतर १६३०-३२चा दुष्काळ, आणि त्याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला. मावळात लांडगे माजले. शहाजीराजांच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली पुन्हा वसाहत सुरू झाली (त्यांच्यावरचा वाद कृपया दुसऱ्या प्रश्नात घाला), लांडगे मारणाऱ्याला बक्षीस, आणि नव्या कुळाला इस्ताव्याचा कौल, म्हणजे पहिल्या वर्षी सारा नावापुरता आणि मग दरवर्षी थोडा थोडा चढता. हे उपकार नव्हते हो, रान पडीक राहिलं तर देशमुखालाही काही मिळत नाही आणि सरकारलाही नाही. रोहिड खोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर, एकेका नदीचं खोरं एकेका देशमुखाकडे.

आता आडनावाचं. कौल घेऊन एखादं घराणं आलं की त्याच्या वाट्याला जी जमीन येई ती त्याचं थळ, तो थळकरी किंवा मिरासदार. बाहेरून येऊन नुसती कसणारा तो उपरी, गावच्या मानपानात त्याला खालची जागा. थळ वारसाने भावाभावांत वाटलं जायचं, भाऊबंद वाढायचे, जागा पुरेना की थोड्या अंतरावर नवी वाडी. चार-पाच पिढ्यांत अख्खं गाव एका आडनावाचं होतं, त्यात गूढ काही नाही. बुद्रुक-खुर्द ही जोडीही पुष्कळदा तशीच, थोरलं गाव आणि त्यातून फुटलेलं धाकटं, दोन्ही शब्द फारसी.

आणि घराणं बुडालं तर? त्याची जमीन गतकुळी. पाटील ती दुसऱ्याला देई, पण नाव जुनंच चालायचं. जुने थळझाडे, म्हणजे गावातल्या थळांच्या याद्या, मिळाले तर बघा, एकेका गावात अशी कितीतरी नावं सापडतात ज्यांचा आज त्या गावात एक माणूस नाही.

आमच्याच ओढ्याकाठच्या एका तुकड्याला सगळे शिंद्याचं थळ म्हणतात. गावात शिंदे एकही नाही, आजोबांच्या आजोबांच्या वेळीही नव्हता. बांधावर एक शेंदूर लावलेला दगड आहे, पेरणीच्या आधी आजी तिथे दहीभात ठेवायची. कुणाला गं, विचारलं तर म्हणायची, मूळ धन्याला.