पन्नास माणसांच्या कारखान्याला ईआरपी लागतं का? लागतं, पण सुरुवात स्टोअरपासून करा

तुम्ही विचारलंय की वडिलांचा ऑटो पार्ट्सचा कारखाना आहे, पन्नासेक कामगार आहेत, हिशेब टॅलीत आहे आणि बाकी सगळं वडिलांच्या आणि एका जुन्या सुपरवायझरच्या डोक्यात आहे. एमबीएला शिकवतात ते माहिती प्रणालीचं महत्त्व अशा कारखान्याला लागू होतं का, आणि ईआरपीवर, म्हणजे खरेदी, स्टॉक, उत्पादन आणि हिशेब एकत्र जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पैसे घालावेत का?

लागू होतं, आणि मोठ्या कंपनीपेक्षा जास्त होतं, कारण लहान कारखान्याला एकच चुकीचा निर्णय महिनाभर पुरतो. मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या अशाच कारखान्यांचं स्टोअर (मालाचं कोठार) आणि ईआरपीचं काम बघते. पुस्तकं मालकाच्या डॅशबोर्डपासून सुरुवात करतात. मी तुम्हाला गेटवर माल उतरतो तिथून सुरुवात करायला सांगेन.

समजा तुम्ही फोर्जिंग (ठोकून आकार दिलेले पोलादाचे तुकडे) आणून मशीनिंग करून देता आणि ग्राहकाचा मेल आला की एका पार्टला तडा सापडलाय. त्यांचा पहिला प्रश्न असतो, हीट नंबर कोणता? एका हीटचं पोलाद एकाच वेळी वितळवलेलं असतं, त्यामुळे दोष पोलादातच असेल तर त्या हीटच्या सगळ्या मालावर संशय येतो. माल उतरताना जीआरएनमध्ये (माल मिळाल्याच्या नोंदीत) हीट नंबर चढवलेला असेल, तोच रूट कार्डवर (मालासोबत मशीन ते मशीन फिरणाऱ्या कागदावर) आणि पुढे डिस्पॅचच्या चलनावर गेला असेल, तर तुम्ही दहा मिनिटांत सांगू शकता: या हीटचे १,८०० नग झाले, ६०० तुमच्याकडे आहेत, ७०० आमच्याकडे तयार आहेत, ५०० प्लेटिंगला (धातूचा मुलामा चढवायला) गेलेत. तेवढेच बाजूला काढायचे. ही साखळी नसेल तर महिन्याभराचा माल संशयात. मग तुमची माणसं ग्राहकाच्या प्लांटवर बसून एकेक नग तपासणार, खर्च तुमचा, वर डेबिट नोट, म्हणजे तुमच्या बिलातून कापलेले पैसे. व्यवस्थापनात माहिती प्रणालीची भूमिका काय, याचं माझ्या लेखी सगळ्यात खरं उत्तर हे आहे: संकट केवढं आहे ते लगेच कळतं, आणि निर्णय तेवढ्यापुरताच घेता येतो.

टॅली उत्तम आहे, तिला हात लावू नका. पण तुम्ही ती फक्त हिशेबाला वापरताय, म्हणून बिल किती रुपयांचं झालं ते तिला माहीत आहे, माल कुठे आहे ते नाही. हीट ट्रीटमेंटला किंवा प्लेटिंगला बाहेर गेलेला माल बघा. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला (बाहेरच्याकडून काम करून घ्यायला) पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाही तर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा केला असं धरतात आणि कर व्याजासकट भरावा लागतो. चलनबुक ड्रॉवरमध्ये असेल तर हे ऑडिटच्या वेळी कळतं. चलन प्रणालीत असेल तर ज्याच्याकडे माल अडकलाय त्याला वेळेत फोन जातो. अडकलेल्या पैशाचंही तसंच. पंधरा लाखांचं जादा पोलाद वर्षभर पडून राहिलं आणि कॅश क्रेडिटचा (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा) दर १० टक्के धरला, तर दीड लाख नुसत्या व्याजात जातात.

आता ही प्रणाली कुठे मरते तेही सांगते, कारण विकणारा ते सांगणार नाही. तिसऱ्या पाळीत माणसाने स्टोअरमधून पोलादाचे बार (सळ्या) उचलले आणि एंट्री दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. मधल्या वेळात स्क्रीन म्हणते माल आहे, म्हणून खरेदीवाला ऑर्डर टाकत नाही, आणि मशीन उभं राहतं. असं दोनदा झालं की सुपरवायझर स्वतःची वही काढतो. त्या दिवसापासून सॉफ्टवेअर फक्त मालकाला दाखवायला उरतं. एंट्री जिथे माल हलतो तिथेच आणि त्याच वेळी झाली पाहिजे, आणि ती करणाऱ्याचा त्यात फायदा असला पाहिजे. स्टोअरकीपरचं रजिस्टर बंद करा, तरच तो मनापासून एंट्री करेल. दोन्ही लिहायला लावलं तर दोन्ही अर्धवट राहतील.

मोठ्यांचंही हेच होतं. अमेरिकेच्या टार्गेट या दुकानसाखळीने २०१३ मध्ये कॅनडात दुकानं उघडली आणि जानेवारी २०१५ मध्ये माघार जाहीर केली, तेव्हा १३३ दुकानं होती. गोदामं भरलेली आणि दुकानातली फळ्या-कपाटं रिकामी, अशी अवस्था झाली होती. नव्या प्रणालीत घाईघाईत भरलेली वस्तूंची मापं आणि इतर माहिती मोठ्या प्रमाणावर चुकीची होती, हे त्याचं एक मोठं कारण. जर्मनीच्या लिडल या किराणा दुकानसाखळीने २०१८ मध्ये सॅप या कंपनीच्या ईआरपीचा प्रकल्प सोडून दिला, तो वेगळ्या कारणाने. साठा खरेदी दराने मोजायची त्यांची पद्धत आणि विक्री दराने मोजणारी प्रणाली यांचा मेळ बसेना, आणि पद्धत बदलायची तयारी नव्हती. तुमच्याकडेही हा वाद होईल. माझं मत स्पष्ट आहे: बिल, खरेदी, स्टॉक यात सॉफ्टवेअरची पद्धत मुकाट्याने घ्या. तुमच्या मशीनिंगची खुबी आहे तिथे मात्र एक इंचही सोडू नका.

वडिलांना यातून वगळू नका. एका पार्टला किती बार लागतो, कटिंगमध्ये किती जातो, कोणत्या प्लेटरला पावसाळ्यात चार दिवस जास्त द्यावे लागतात, हे त्यांनाच माहीत आहे. बीओएम (एका पार्टला काय आणि किती लागतं त्याची यादी) भरताना त्यांना आणि सुपरवायझरला शेजारी बसवा. सल्लागाराने ऑफिसात बसून भरलेला बीओएम मी एकदाही बरोबर निघालेला पाहिलेला नाही.

विकत घ्यायच्या आधी आयटम कोड साफ करा. एकच इन्सर्ट (कटिंग टूलचं बदलायचं पातं) तीन नावांनी चढलेला असतो, तो एका नावावर आणा. मग एका रविवारी कारखाना बंद ठेवून प्रत्यक्ष स्टॉक मोजा आणि तोच ओपनिंग (सुरुवातीचा साठा) धरा, टॅलीतला नको. पहिले काही महिने फक्त गेट, स्टोअर आणि जॉबवर्क चालवा, प्रॉडक्शन प्लॅनिंगचं मॉड्यूल नंतर. एंट्री दोन माणसांना शिकवा, कारण एकटा शिकलेला दिवाळीत गावी जातो. आणि करारात लिहून घ्या की आयटम मास्टर, स्टॉक आणि जुने व्यवहार हवे तेव्हा एक्सेलमध्ये काढून मिळतील. उद्या सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं तर याच एका ओळीवर सगळं अवलंबून असेल.